‘आयदर/ऑर’ : दुहेरी स्वरातील विषण्णता

अमेरिकन गायक-गीतकार एलियट स्मिथ (१९६९-२००३) याचा ‘आयदर/ऑर’ हा बारा गीतांचा अल्बम ‘किल रॉक स्टार्स’ या छोट्या स्वतंत्र कंपनीने १९९७ मध्ये प्रकाशित केला. त्याचे शीर्षक डॅनिश तत्त्वचिंतक किर्केगार्द यांच्या १८४३ मधील ग्रंथावरून घेतलेले आहे. या अल्बमविषयीची चर्चा बहुधा दोन गृहीतकांवर चालते : साधे ध्वनिमुद्रण हा गायकाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होय आणि त्यातील विषाद ही त्याच्या अकाली मृत्यूची पूर्वसूचना होय. प्रस्तुत लेखकास ही दोन्ही अमान्य आहेत.

लो-फाय म्हणजे स्टुडिओतील निर्दोष झळाळी नाकारून, तारेवरून सरकणाऱ्या बोटांचा आवाजही राहू देणारे ध्वनिमुद्रण. ते ऐकताना गायक शेजारी बसून गुणगुणत असल्याचा भास होतो. परंतु हा भास रचलेला आहे. स्मिथ एकच ओळ दोनदा गातो आणि दोन्ही मुद्रणे एकमेकांवर ठेवतो. दोन स्वर जवळजवळ एकरूप होतात. पूर्णपणे मात्र कधीच नाही. एकट्या माणसाला असे गाता येणे शक्य नाही. (पुष्कळ श्रोत्यांच्या हे लक्षातही येत नाही, यातच त्या कारागिरीचे यश आहे.)

‘बिट्वीन द बार्स’ या अडीच मिनिटांहूनही लहान गीतात या तंत्राला अर्थ प्राप्त होतो. लय अंगाईसारखी झुलती आहे, स्वर कमालीचा मायाळू. हळूहळू जाणवते की धीर देणारा हा आवाज प्रियकराचा नसून मद्याचाही असू शकेल. शीर्षकातील ‘बार’ म्हणजे मद्यालय, तुरुंगाचे गज आणि संगीतातील मात्रांचा विभागही. धीर देणारा आणि गिळणारा यांना वेगळे करता येऊ नये, हेच त्या दोन स्वरांचे प्रयोजन आहे. याउलट ‘क्यूपिड्स ट्रिक’मधील गोंगाटात हा ताण विरून जातो, ते गीत मला दुबळे वाटते.

‘गुड विल हंटिंग’ (१९९७) या चित्रपटातून स्मिथची गीते सर्वदूर पोहोचली. ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्याचा मृत्यू झाला. तो आत्महत्येने की अन्य कोणाच्या हातून, हे शवचिकित्सेत निश्चित होऊ शकले नाही. तरीही त्यानंतर हा अल्बम मृत्युपत्रासारखा ऐकला जाऊ लागला. अशा श्रवणाला शेवटचे गीत अडचणीचे ठरते. ‘से येस’मध्ये प्रेम तुटलेले आहे, पण निवेदक अजून होकार मागतो आहे, आणि उत्तर येण्यापूर्वीच गिटार थांबते.