आपत्कालीन रुग्णाचे तापमापन : प्रचलित पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :
अत्यवस्थ रुग्ण अपघात विभागात आला की नाडी, श्वसन, रक्तदाब आणि तापमान यांची नोंद प्रथम होते. पहिल्या तीन नोंदींबाबतची दक्षता चौथीच्या वाट्याला अनेकदा येत नाही. कपाळासमोर क्षणभर यंत्र धरून आकडा उतरविला की काम संपले, असे मानले जाते. प्रस्तुत लेखात आरे कॉलनीच्या संदर्भात या पद्धतीची चिकित्सा केली आहे.

आकडा आणि स्थान :
जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ साली सुमारे २५,००० रुग्णांच्या नोंदींच्या आधारे ३७ अंश सेल्सिअस हे निरोगी शरीराचे तापमान मांडले. या नोंदी प्रामुख्याने काखेतील होत्या. आकडा रूढ झाला; मोजण्याचे स्थान मात्र विस्मृतीत गेले. वास्तविक, रक्ताभिसरण खालावले की त्वचेकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्वचा गार लागते आणि त्याच वेळी अंतर्गत अवयव तापलेले असू शकतात. घाम, वारा व ओले कपडे ही तफावत वाढवितात. ७५ अभ्यासांच्या २०१५ मधील एकत्रित विश्लेषणानुसार तोंड, काख, कान व कपाळ येथील तापमापनात ताप असलेल्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ३६ जणांचा ताप निसटतो. यंत्राने ताप दाखविल्यास तो बहुधा खरा असतो. न दाखविल्यास तो नाहीच, असे म्हणता येत नाही.

आरे कॉलनीचा संदर्भ :
१९४९ साली स्थापन झालेल्या या वसाहतीत तबेले आणि आदिवासी पाडे आहेत. पावसाळ्यातील चिखल व जनावरांचा सहवास लेप्टोस्पायरोसिसला अनुकूल ठरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मि.मी. पाऊस झाला आणि त्या पुरानंतर मुंबईत या रोगाचा उद्रेक झाला. अशा दिवसांत तबेल्यातील एखादा कामगार भिजलेल्या अंगाने, घसरलेल्या रक्तदाबासह आणला गेला, तर त्याच्या कपाळावरील 'सामान्य' आकडा निदानाची दिशाच चुकवू शकतो. जंतुसंसर्गात तापमान उतरणे हेही गंभीर लक्षण होय. परंतु पाऱ्याच्या प्रचलित तापमापकावर ३५ अंशांखाली खुणाच नसतात.

पर्यायांची मर्यादा :
२०२३ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी अतिदक्षता विभागात मूत्राशय, अन्ननलिका किंवा फुप्फुस-धमनीतील तापमापनास प्राधान्य दिले असून ते शक्य नसल्यास तोंड वा गुद सुचविले आहे. तथापि हे नियम सरसकट लावता येत नाहीत. उष्माघातात गुद तापमापन निर्णायक ठरते; लेप्टोस्पायरोसिसमध्ये मात्र रक्तबिंबिका घटत असल्याने त्याच मार्गात रक्तस्रावाचा धोका संभवतो. तेथे मूत्रनलिका घातलेली असल्यास मूत्राशयातील, अन्यथा रुग्ण शुद्धीवर असल्यास तोंडातील नोंद अधिक योग्य ठरते.

निष्कर्ष :
दोष यंत्रापेक्षा त्याच्या आकड्यावरील निःशंक विश्वासात अधिक आहे. तापमानासोबत स्थान, साधन व वेळ नोंदविणे, शंका असल्यास दुसऱ्या स्थानी मोजणे आणि कमी तापमान दर्शविणारे साधन हाताशी ठेवणे यांस फारसा खर्च नाही. स्थानाविना लिहिलेले तापमान ही अपुरी नोंद होय, हे वैद्यकीय व परिचर्या शिक्षणात रुजविणे आवश्यक आहे.