मास्तरांच्या खुर्चीतला सुर्वे

नोकरी बदलली की माणसाची भाषा बदलते, हे आपण घरोघर पाहतो. काल-परवापर्यंत चाळीच्या जिन्यात आरोळ्या ठोकणारा मुलगा एकदा साहेबाच्या खुर्चीत बसला, की घरी आईशीसुद्धा तोलूनमापून बोलू लागतो. आपल्याला आत्मविश्वास आला, असे त्याला वाटते. खरे म्हणजे त्याने दुसऱ्याचा आवाज भाड्याने आणलेला असतो. नारायण सुर्वे यांची कविता वाचताना या मुलाची हटकून आठवण होते. कारण सुर्व्यांनी नेमके उलट केले.

1926 साली जन्मलेले हे बेवारस मूल मुंबईच्या रस्त्यावर गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराला सापडले. त्याने त्याला घर दिले आणि आपले नावही दिले. हा मुलगा पुढे गिरणीत राबला, शाळेत शिपाई झाला, आणि मग प्राथमिक शाळेत मास्तर झाला. ज्या हाताने घंटा वाजवायची त्याच हातात खडू आला.

सुर्व्यांची सुरुवात चळवळीच्या गाण्यांची. ‘डोंगरी शेत माझं गं’ हे त्यांचे गीत शाहिरांच्या तोंडून गाजले. गीत उत्तमच, पण तो आवाज समूहाचा होता. 1962 साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह आला आणि त्या समूहातून एक ‘मी’ पुढे येऊन उभा राहिला. 1966 च्या ‘माझे विद्यापीठ’ने तर पदवी नसलेल्या माणसाने आपले शिक्षण कुठे झाले ते बिनदिक्कत सांगून टाकले.

सुर्व्यांची प्रत्येक कविता या तोलाची आहे, असे मात्र नाही. काही ठिकाणी माणसाच्या आधी घोषणाच येऊन उभी राहते. तिथे कवीचा आवाज चढतो, पण तो त्याचा राहत नाही, व्यासपीठाचा होतो.

याउलट त्यांची ती सुप्रसिद्ध कविता पाहा. बदनाम वस्तीतली एक बाई आपल्या मुलाला शाळेत घालायला येते आणि बापाच्या नावाचा रकाना अडतो. एखाद्या दुबळ्या कवीने इथे मास्तरांना बोलते केले असते आणि दोन कढत अश्रू ढाळले असते. सुर्वे बाईलाच बोलू देतात, तिच्याच बोलीत, तिच्याच ठसक्यात. मास्तर ऐकतो. ही कविता सुचायला शाळेच्या पटापुढे बसणारा मास्तर हवा होता, हे खरे. पण तो रिकामा रकाना किती खोल असतो, हे कळायला रस्त्यावर सापडलेले मूलच हवे होते. नवी खुर्ची आणि जुने आयुष्य दोन्ही एकाच ओळीत आली, तेव्हा कुठे तो आवाज लागला.

सुर्वे 2010 साली गेले. सन्मान पुष्कळ मिळाले. 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही मिळाले. पण त्यांच्या आत्मविश्वासाचे मूळ तिथे शोधू नये. वर चढताना त्यांनी खालची पायरी नाकारली नाही, यातच ते आहे. या दिवाळीला मोठ्या हुद्द्यावरचे चिरंजीव घरी येतील, तेव्हा ते आईशी कोणत्या बोलीत बोलतात, तेवढे जरा ऐकावे.