परतणाऱ्याचे ऋतू : कोकणविषयक ललित लेखनातील काळाचा प्रश्न

कोकणाविषयीच्या प्रादेशिक साहित्याची मराठीतील चर्चा बहुधा स्थळापासून सुरू होते आणि स्थळापाशीच थांबते. माड, खाडी, लाल माती आणि बोली यांची नोंद झाली की प्रदेश जिवंत झाल्याचा निर्वाळा दिला जातो. काळाचा विचार मागे राहतो. या लेखनातील गाव वर्षाच्या कोणत्या महिन्यांत दिसते आणि कोणाला दिसते, हे क्वचितच विचारले जाते.

किनाऱ्यालगतच्या गावाकडे नेमाने परतणारा पाहुणा म्हणजे मुंबईचा चाकरमानी. भाद्रपदातील गणपती, गावची जत्रा, फाल्गुनातील शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी एवढ्या मुक्कामांत त्याचे गावचे वर्ष संपते. मुंबईहून किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत. आषाढ त्याच्या अनुभवातून वजा झाला तो केवळ रजेअभावी नव्हे, तर वाहतुकीच्या व्यवस्थेमुळेही. परिणामी ऋतू त्याच्या डोळ्यांदेखत बदलत नाही. तो येतो तेव्हा बदललेला असतो. शिमग्याला पाहिलेली करडी भुई गणपतीत हिरवी झालेली असते, आणि मधल्या काळात ती कोणी, कशी हिरवी केली हे त्याला स्मरणाने किंवा कल्पनेने भरून काढावे लागते. क्रिया गळते, दृश्य उरते.

वैशाखाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. पाहुण्याच्या लेखी तो आंबा-फणसाचा, खळ्यातल्या निजण्याचा, समुद्रावरच्या संध्याकाळींचा महिना. त्याच दिवसांत गाव आगोटीच्या बेगमीत बुडालेले असते. घर शाकारायचे असते, लाकूडफाटा आत घ्यायचा असतो, सुकी मासळी भरून ठेवायची असते, कोकमे सोलून आमसुले उन्हात घालायची असतात, पडवीला झापांचे आडोसे बांधायचे असतात, होड्या वाळूवरून ओढून झाकायच्या असतात. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र मिटणार, याचा हिशेब प्रत्येक कामामागे असतो. एकाच अंगणात, एकाच उन्हात दोन ऋतू चाललेले असतात : एक सुट्टीचा, दुसरा धास्तीचा. कोकणविषयक ललित गद्यात पहिला विपुल सापडतो. दुसरा आला तर बहुधा आजीच्या लगबगीच्या रूपाने, कौतुकाचा विषय होऊन येतो.

रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात निसर्गदृश्य ही कल्पनाच श्रमापासून अलग झालेल्या निरीक्षकाला गृहीत धरते, असे प्रतिपादन केले. इंग्लंडच्या जमीनदारी इतिहासातून आलेला हा विचार जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. चाकरमानी जमीनदार नव्हे. पुष्कळदा त्याच्या मनिऑर्डरीवरच ते अंगण टिकलेले असते. श्रमापासून तो अलग झाला तो दुसऱ्या श्रमात, गिरणीत वा कचेरीत, गुंतल्यामुळे. त्याच्या नजरेतील हळवेपणाला म्हणूनच केवळ भाबडा म्हणून निकालात काढणे अन्यायाचे ठरेल.

लेखक गावात राहिला की गाव सोडून गेला, एवढ्यावरूनही निर्णय करता येत नाही. श्री. ना. पेंडसे यांनी मुंबईत, बेस्टची नोकरी सांभाळून कोकण लिहिले. चिं. त्र्यं. खानोलकर १९५९ मध्ये कुडाळ सोडून मुंबईस आले आणि ‘कोंडुरा’ (१९६६) त्यानंतरची. तरीही ‘कोंडुरा’तील समुद्र पाहण्याचा नाही, त्याचा धाक आहे, आणि धाक सुट्टीवर आलेल्याला कळत नाही. याउलट जयवंत दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये (१९६४) गाव आठवणीतून उभे राहते, तेथे माणसे येतात-जातात, ऋतू मात्र जवळजवळ थबकलेला असतो. दळवींची विनोदबुद्धी ही उणीव झाकते, किंबहुना तिचाच उपयोग करून घेते. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त (१९५६) मात्र बाराही महिने आहेत. तेथे गावी परतल्याचा दावा नाही, म्हणून कोणताही महिना चुकत नाही, ही गोष्ट सूचक आहे.

विदर्भातील अभ्यासकाला हा भेद आणखी एका बाजूने पाहता येईल. नागपूरच्या कळमना बाजारात ऋतू म्हणजे आवक : संत्र्याचा आंबिया बहार उतरतो, पुढे मृग बहार येतो. तेथे ऋतू रम्यही नसतो, भीतिदायकही नसतो. त्याला भाव असतो. कोकणच्या हापूसलाही तो आहे, पण पेटीचा हिशेब ललित गद्याच्या वैशाखात सहसा शिरत नाही.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली आणि आषाढ आवाक्यात आला. आज पावसाळी सहलींनी तोही दृश्य केला आहे. त्याच काळात रत्नागिरीच्या आंबाबागांत राखणीला आणि मासेमारीच्या बोटींवर नेपाळी मजूर मोठ्या संख्येने दिसू लागले. पाऊस जवळ आला की त्यांतील पुष्कळजण आपल्या गावी परततात. चाकरमान्याचे कोकण जेथून सुरू होते तेथे त्यांचे कोकण रखवालीचे असते. आंब्याचा महिना दोघांचाही, पण एकाचा खाण्याचा आणि दुसऱ्याचा रात्री जागण्याचा. ‘प्रादेशिक’ या संज्ञेत त्यांच्या नजरेला अद्याप जागा नाही.