उंबरठ्याच्या आतल्या बायका

जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' 1982 साली आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर तो आधारलेला आहे आणि त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. स्मिता पाटील यांनी उभी केलेली सुलभा महाजन नवरा, मुलगी आणि सुखवस्तू सासर मागे ठेवून संगमवाडीच्या महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. शेवटी परत येते, घरात आपली जागा उरलेली नाही हे पाहते आणि पुन्हा निघते. या चित्रपटाविषयी बोलताना आपण बहुधा सुलभाच्या या दोन निघण्यांविषयीच बोलतो. मला बोलायचे आहे ते त्या सुधारगृहात राहणाऱ्या बायकांविषयी.

सुरुवात नावापासून करू. 'बेघर' हा शब्द आपल्या उर्दूतही तसाच आहे. तो त्या संस्थेतल्या प्रत्येकीला लागू पडतो. 'उंबरठा' हा शब्द मात्र प्रामुख्याने सुलभाचा आहे. तिच्यापुढे ओलांडायचा की नाही असा प्रश्न आहे. आतल्या बायकांना असा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. कुणाला हाकलले आहे, कुणी मार चुकवून पळाली आहे, कुणाला आणून सोडले आहे. कॅमेरा सुलभाबरोबर आत जातो आणि तिच्याबरोबर बाहेर येतो. ती राजीनामा देऊन निघाल्यावर त्या बायकांचे काय झाले, हे आपल्याला कळत नाही. ही चित्रपटाची मर्यादा आहे.

पण त्याचे मोठेपणही त्याच सुधारगृहाच्या आवारात आहे. 'सुधारगृह' या शब्दातला अन्याय तो उघडा पाडतो. मारणारा आपल्या घरी असतो आणि सुधारायची कुणाला, तर मार खाल्लेलीला! व्यवस्थापन समितीला संस्थेची अब्रू हवी आहे, आमदाराची नजर तिथल्या बायकांवर आहे, दोन स्त्रिया एकमेकींत आधार शोधतात तर तो विकार ठरतो. बायका पळू पाहतात, जीव देतात. मग चौकशी बसते आणि आरोपीसारखी उभी राहते ती अधीक्षक. भिंती, छप्पर आणि दोन वेळचे जेवण मिळाले म्हणजे आसरा मिळाला असे नाही; किल्ली कुणाच्या हाती आहे यावर सारे ठरते, हे मराठी पडद्यावर इतक्या स्पष्टपणे मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

त्यानंतर पुष्कळ बदलले. 1983 मध्ये 498-अ कलम आले. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभे राहिले, म्हणजे जखमेवर पट्टी बांधणाऱ्याने जखम कशी झाली हेही विचारायला सुरुवात केली. सर्वांत मोठा बदल 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने केला. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. आश्रयगृहाने अशा स्त्रीला आसरा द्यावा हे त्यात आहेच; पण कलम 17 सांगते की घर कुणाच्याही नावावर असो, त्यात राहण्याचा तिला हक्क आहे. गरज पडल्यास न्यायालय मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकते. 'ती जाणार कुठे?' हा जुना प्रश्न. या कायद्याने तो उलटा केला : 'तिनेच का जायचे?'

हा प्रश्न आपल्याला परका वाटू नये. सूरह तलाकच्या पहिल्या आणि सहाव्या आयतीत इद्दतीतल्या स्त्रीला घराबाहेर न काढण्याचा आणि आपल्या ऐपतीप्रमाणे तिच्या राहण्याची सोय करण्याचा हुकूम आहे. तलाकचा शब्द आपल्याकडे साऱ्यांना पाठ आहे, त्यामागून येणारा हा हुकूम मात्र फार थोड्यांना. तलाक झाला तरी आधीच्या हिंसेबद्दल 2005 च्या कायद्याखाली दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये एका मुस्लिम स्त्रीच्याच प्रकरणात स्पष्ट केले.

आणि आपले साहित्य? मुस्लिम मराठी कथेत तलाक आहे, सवत आहे, मेहरचे रडगाणे आहे. मी वाचलेल्या बहुतेक कथा मात्र दारातच संपतात. बाई बाहेर पडते, किंवा माहेरची वाट धरते, आणि लेखक पूर्णविराम देतो. माहेरच्या दोन खोल्यांत भाऊ, भावजय आणि त्यांची चार मुले असतात, तिथे पहिल्या रात्री तिचे अंथरूण कुठे पडले? पोलीस ठाण्यात तिचे बोलणे कुणी लिहून घेतले, की 'घरचा मामला आहे' म्हणून परत धाडले? मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी समजूत घालून तिला कितव्यांदा परत पाठवले? या पानांवर आपण पोचतच नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई एकदा शाळेत आली होती. ओठ सुजलेला, नकाब डोळ्यांपर्यंत ओढलेला. आश्रयगृहात जायचे तिने ठरवले होते. मुलगी चालणार होती, मुलगा नाही. स्वाधारगृह योजनेत मुलासाठी वयाची मर्यादा 8 वर्षांची होती, 2022 पासूनच्या शक्ती सदनात ती 12 ची आहे. तिचा मुलगा तेरा वर्षांचा. "टीचर, तेरा साल का बच्चा मरद होता क्या?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. मुलाला बापाजवळ टाकून जायला ती तयार नव्हती. ती परत गेली.

इतर रहिवासी स्त्रियांच्या सुरक्षेसाठी तो नियम असेल, हे मी समजू शकते. पण त्या नियमापाशी एक बाई कशी अडते, हे अहवालात येत नाही. ते कथेत यायला हवे. 'उंबरठा' आपल्याला आश्रमाच्या आवारापर्यंत घेऊन गेला, तेही अधीक्षकेच्या बोटाला धरून. तिथून पुढची गोष्ट आत राहणारीने सांगायची आहे, आणि दारातून परत फिरलेलीनेही. आपल्या पुढच्या अंकांत त्यांच्यासाठी जागा असावी, एवढेच मागणे.