अनुबंध, संरक्षण आणि सुर्वे यांची कविता

नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांच्या कवितेतील 'आम्ही' हे सर्वनाम वर्गजाणिवेचे चिन्ह म्हणून वाचले जाते. या वाचनात तथ्य आहे. परंतु त्या सर्वनामाची भावनिक घडण त्यामुळे झाकली जाते. मानसशास्त्रीय समीक्षेला येथे वाव दिसतो, आणि धोकाही तेथेच आहे.

चरित्रातील तपशील सर्वपरिचित आहेत. चिंचपोकळीच्या परिसरात, गिरणगावच्या रस्त्यावर सापडलेले तान्हे मूल इंडिया वूलन मिलमधील कामगार गंगाराम कुशाजी सुर्वे यांनी घरी नेले. काशीबाईंनी ते वाढवले. १९३६ मध्ये गंगाराम निवृत्त होऊन कोकणात परतले आणि दहाएक वर्षांचा नारायण मुंबईत मागे राहिला. म्हणजे जन्मतःच एकदा तुटलेला आणि पुन्हा जुळलेला अनुबंध दुसऱ्यांदा तुटला.

त्याच १९३६ साली अ‍ॅना फ्रॉइड यांचा अहंच्या संरक्षक यंत्रणांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे जॉन बोल्बी यांनी अनुबंध आणि वियोग यांवरील त्रिखंडात (१९६९, १९७३, १९८०) या यंत्रणांची वेगळी मांडणी केली. वियोग असह्य झाला की मन त्यासंबंधीची माहिती जाणिवेबाहेर ठेवते. संरक्षण म्हणजे मुख्यतः असे वगळणे. ही चौकट सुर्वे यांच्या कवितेला जशीच्या तशी लावली, तर निष्कर्ष आधीच तयार असतो: हरवलेल्या आईबापांच्या जागी कवीने कामगारवर्ग बसवला, हे विस्थापन किंवा फार तर उदात्तीकरण होय.

कविता मात्र या निष्कर्षाला सहजासहजी वश होत नाही. 'माझे विद्यापीठ' या कवितेचा आरंभच घर आणि नातलग नसल्याच्या स्पष्ट कबुलीने होतो. येथे अभाव वगळलेला नाही, तो पायाशी ठेवलेला आहे. 'माझी आई'मध्ये भोंग्याच्या ठेक्यावर घराबाहेर पडणारी आई आहे आणि तिच्या मृत्यूने पोरकी झालेली भावंडे आहेत. या कवितेत संरक्षण मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. निघून जाण्याचे कारण येथे कुणा माणसात नसून गिरणीच्या व्यवस्थेत आहे. त्यामुळे दुःखाला आरोपाचे रूप घेता येते आणि आईवरचे प्रेम अभंग राहते. परंतु हे संरक्षण वस्तुस्थिती लपवत नाही. माणसांची ताटातूट खरोखरच भोंगा ठरवत होता.

मार्क्सच्या भेटीची कविता याहून निर्णायक ठरते. संपाच्या मिरवणुकीत कवीला मार्क्सची ओळख करून देते ती जानकी अक्का, आणि ती त्याला 'बाबा' म्हणते. पित्याच्या रिकाम्या जागी विचारवंत आला, असे फ्रॉइडवादी वाचक म्हणेल. पण ही जागा कवीच्या एकाकी मनाने भरलेली नाही. ती एका अक्काने, म्हणजे बोलीतल्या नात्याने, भरली. अक्का, चाचा, मामा, बाबा ही संबोधने कोकणातून व घाटावरून आलेल्या, गावी कुटुंबे ठेवून गाळ्यांत दाटीने राहणाऱ्या माणसांची रोजची सामाजिक सोय होती. मुलाला ती तयार मिळाली.

बोल्बी यांच्या सिद्धान्तात एका प्रमुख व्यक्तीला मध्यवर्ती स्थान आहे. ती व्यक्ती हरपल्यावरचे बाकीचे सारे 'पर्याय' ठरतात. चाळीतल्या मुलाच्या बाबतीत अनुबंध पहिल्यापासून अनेकांत वाटलेला असू शकतो. तसे असेल तर 'आम्ही' हा पर्याय नव्हे. तो अनुबंधाचाच विस्तार आहे, आणि संरक्षणाचे काम तोच करतो. दोन्ही प्रक्रिया येथे वेगळ्या काढता येत नाहीत.

याचा अर्थ मानसशास्त्रीय समीक्षा टाकून द्यावी असा नाही. कवीला रुग्ण मानणारी समीक्षा आणि त्याला केवळ वर्गाचा प्रवक्ता मानणारी समीक्षा एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष करतात: नाते जोडणारा शब्द. सुर्वे यांच्या कवितेतील संबोधनांचा काटेकोर अभ्यास झाला, तर अनुबंधाच्या सिद्धान्तालाही गिरणगावाकडून काही शिकता येईल.