अरिस्टॉटल दिसायचा कसा?

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या खोलीत दोन अरिस्टॉटल आहेत. एक खिडकीपाशी आणि दुसरा कपाटाच्या वर. दोन्ही तक्ते निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या दुकानांतून आलेले. खिडकीजवळचा रंगीत आहे. त्याला भरघोस तपकिरी दाढी आहे, अंगावर निळा झगा आहे आणि काखेत ग्रंथ आहे. कपाटावरचा संगमरवराचा, आखूड दाढीचा, कपाळावर विरळ केस पुढे ओढलेला. हा जरा त्रासलेला दिसतो. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, "बाई, ह्यातला खरा कोणता?" मी "दोन्हीही" असे खास शिक्षकी उत्तर देऊन मोकळी झाले. ती खाली बसली खरी, पण तिचे समाधान झाले नव्हते. माझेही नव्हते.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. मुलांना शिकवते, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. चित्रकलेतले मला अधिकाराने काही कळते असे नाही, आणि ज्या चित्रांविषयी आता लिहिणार आहे त्यांतले एकही मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. छापील प्रतींवरून आणि मोबाइलच्या पडद्यावर जेवढे दिसले तेवढेच. पण पात्रांना चेहरे देण्याचा धंदा मी वीस वर्षे करीत आले आहे, म्हणून ह्या विषयात थोडे बोलण्याचा हक्क मला आहे असे समजते.

अरिस्टॉटल ख्रिस्तपूर्व ३२२ मध्ये वारला. त्याच्या रूपाचे शब्दांतले जे वर्णन प्रसिद्ध आहे ते डायोजनीस लेअर्टियसने लिहिले, आणि हा गृहस्थ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला! मधे पाचशेहून अधिक वर्षे गेली. पण वर्णन मोठे मासलेवाईक आहे. बोलताना जीभ जड पडे, पोटऱ्या बारीक, डोळे लहान. कपडे, अंगठ्या आणि केसांची ठेवण मात्र लोकांच्या नजरेत भरावी अशी. हे वाचले आणि मला हायसे वाटले. किडमिड्या पायांचा, पण अंगठ्या घालून नीटनेटका निघालेला माणूस! असा माणूस कुणी मुद्दाम रचून सांगत नाही. थोर पुरुष रचायचा असता तर पोटऱ्या नक्कीच भरदार झाल्या असत्या.

कपाटावरचा संगमरवरी चेहरा ह्या वर्णनाशी बराच जुळतो. त्याची सर्वांत गाजलेली प्रत व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहे. ती रोमन काळातली नक्कल. मूळ ग्रीक पुतळा ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला असावा असे मानतात. डोळे बारीक, तोंड रुंद, ओठ पातळ. पण हा अरिस्टॉटलच, हे ठरले कसे, ती हकीकत एखाद्या कोर्टकज्ज्यासारखी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये फुल्वियो ओर्सिनी नावाच्या विद्वानाजवळ एक लहानसा अर्धपुतळा होता आणि त्यावर अरिस्टॉटलचे नाव कोरलेले होते. पुढे तो पुतळा हरवला. राहिली ती त्याची रेखाटने. त्या रेखाटनांवरून १९०८ साली स्टुडनिक्झ्का ह्या जर्मन पंडिताने व्हिएन्नाचा चेहरा ओळखला. म्हणजे आज जगभर ज्याला अरिस्टॉटल म्हणतात त्याचा साक्षीदार म्हणजे एका हरवलेल्या पुतळ्याचे चित्र!

त्याआधी रोममधल्याच स्पादा वाड्यातला एक बसलेला पुतळा कित्येक पिढ्या अरिस्टॉटल म्हणून मिरवत होता. का? तर खाली कोरलेल्या नावातली अक्षरे झिजली होती आणि आरंभीचे 'अरिस्ट' तेवढे शाबूत होते. मागून विद्वानांनी सांगितले की हा बहुधा अरिस्टिपस. अरिस्टिपस कोण? तर सुख हेच जीवनाचे ध्येय मानणारा तत्त्वज्ञ. चार अक्षरांच्या आधारावर लोक इतकी वर्षे भलत्याच माणसापुढे टोपी काढीत होते. आपण हसू नये. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली शिवाजीमहाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणीपर्यंत आपणही एका इब्राहिमखानाच्या चित्राला महाराजांचे चित्र समजत होतो.

आता खिडकीजवळचा. तो राफाएलचा. व्हॅटिकनमधल्या पोपच्या महालात १५०९ ते १५११ या काळात राफाएलने भिंतीवर जी विद्वानांची मोठी सभा रंगवली, तिच्या मधोमध प्लेटो आणि अरिस्टॉटल चालत येतात. प्लेटोचे बोट आकाशाकडे; अरिस्टॉटलचा पंजा पुढे, जमिनीला समांतर धरलेला. वर्गात समजावून सांगायला ह्याच्यापेक्षा सोपे चित्र मिळणार नाही. पण हे सोपेपणच मला खटकते. तो पंजा एका मताचा पंजा आहे, माणसाचा नव्हे. शिवाय हातातले पुस्तक कोणते? 'नीतिशास्त्र'. ज्या माणसाने प्राण्यांवर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले, त्याच्या काखेत राफाएलने नीती दिली! पोपच्या महालात माशांचे पुस्तक शोभले नसते, हे कबूल.

मध्ययुगातला अरिस्टॉटल त्याहून विचित्र. फिलिस नावाची सुंदरी त्याला घोडा करून पाठीवर बसते आणि म्हातारा चार पायांवर रांगतो, ही कथा तेव्हा फार लोकप्रिय होती. हान्स बाल्डुंगने १५१३ साली त्यावर लाकडी ठशाचे चित्र काढले आहे, आणि हात धुण्याच्या पाण्याची एक पितळी झारीसुद्धा ह्याच आकाराची आहे. ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाहायला मिळते. कथेला इतिहासाचा आधार नाही. पण स्त्रियांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात असे ज्याने लिहून ठेवले, त्याला एखाद्या बाईने थोडे रांगवले तर मी तरी तक्रार करणार नाही. दोन बायका होऊनही दात मोजले नाहीत!

मला ज्या चित्राविषयी खरोखर बोलायचे आहे ते रेम्ब्रांटचे. १६५३ साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावातल्या अंतोनियो रुफो नावाच्या सरदारासाठी त्याने ते ॲम्स्टरडॅममध्ये रंगवले. अंधारी खोली, मागे ग्रंथांची चवड अंधुक दिसते. रुंद काठाची काळी टोपी, ढगळ पांढऱ्या बाह्या, खांद्यावरून सोन्याची जाड साखळी. उजवा हात होमरच्या अर्धपुतळ्याच्या माथ्यावर आहे, आणि डावा हात साखळीशी चाळा करतो आहे. साखळीला पदक आहे. ते अलेक्झांडरचे असावे असे मानतात. मानमरातब राजाने दिला, पण हात कवीच्या डोक्यावर, आणि डोळे मात्र कशावरच नाहीत. 'काव्यशास्त्र' लिहिणाऱ्या माणसाचे चित्र म्हणून ह्याला तोड नाही. विंदा करंदीकरांनी १९५७ साली मराठीत आणलेले ते पुस्तक मी पहिली कादंबरी लिहिण्याआधी वाचले होते, आणि त्यातला रोखठोक माणूस असा हळवा दिसत असेल अशी कल्पनाही माझ्या मनाला शिवली नव्हती.

गंमत पुढेच आहे. चित्र मेसिनाला पोहोचले, रुफोने आपल्या यादीत नोंद केली, आणि नोंद अशी की हा तत्त्वज्ञ अरिस्टॉटल दिसतो किंवा आल्बर्टस मॅग्नस! ज्याने पैसे मोजले त्यालाच आपण कोण विकत घेतला हे ठाऊक नव्हते. काही वर्षांनी त्याने ग्वेर्चिनो ह्या इटालियन चित्रकाराकडून जोडीचे चित्र मागवले. ग्वेर्चिनोने रेखाटन पाहिले आणि हा कुणी चेहऱ्यावरून स्वभाव सांगणारा असावा असे समजून जोडीला विश्वाचा नकाशा जाणणारा एक पंडित रंगवून दिला. १९६१ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हे चित्र तेवीस लाख डॉलरांना घेतले. जाहीर लिलावात तोवर कुठल्याच चित्राला इतकी किंमत आली नव्हती.

पोशाख तर सगळाच खोटा. ग्रीसमध्ये अशी टोपी नव्हती, अशा बाह्या नव्हत्या. मग ह्या चित्रापुढे मी अडखळते का? त्याचे कारण आमच्या घरातल्या भिंतीवर आहे.

माझे वडील, अण्णा, शिंपी होते. जन्मभर लोकांचे कोट शिवले. स्वतः एकही घातला नाही. ते गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा फोटो घरात नव्हता. एका लग्नाच्या समूहचित्रात मागच्या रांगेत त्यांचा मसुराच्या डाळीएवढा चेहरा होता. तो घेऊन माझा भाऊ तालुक्याच्या एका स्टुडिओत गेला. त्यांनी चेहरा मोठा केला, गाल भरले, सुरकुत्या पुसल्या आणि खाली काळा कोट रंगवला. कोटाची बटणे उलट्या बाजूला! अण्णांनी असा कोट शिवणाऱ्या कारागिराला दुकानाची पायरी चढू दिली नसती. आम्ही फोटो टांगला, हार घातला. आणि दहा वर्षांनी माझ्या ध्यानात आले की मी डोळे मिटून अण्णांना आठवू गेले तर कोटातले अण्णा येतात. खरे अण्णा त्या काचेच्या मागे गेले. हे मी कुणाला सांगितले नाही. घरात त्या फोटोपुढे रोज दिवा लागतो.

म्हणून मी रेम्ब्रांटला विचारते: तुझी टोपी खोटी, साखळी खोटी, मग तुझा माणूस पुसला का गेला नाही? मला सुचते ते उत्तर असे. स्टुडिओवाल्याने अण्णांना प्रतिष्ठित केले. रेम्ब्रांटने अरिस्टॉटलला कामाला लावले. त्याच्या बोटांना काहीतरी चाचपून पाहायचे आहे. थंड दगडाच्या कपाळाला हात लावून काही कळते का, हे तो पाहतो आहे.

तरीही ह्या चित्रावर माझा एक आक्षेप आहे, आणि तोच राफाएलवरही. हा माणूस नुसता ग्रंथांत बसणारा नव्हता. लेस्बॉस बेटावर, पिऱ्हा गावाजवळच्या खाडीत, तो मासे आणि माकूल पाहत होता. कोंबडीची अंडी रोज एक फोडून त्याने पिलाची वाढ नोंदवली; तिसऱ्या दिवसानंतर दिसणारा रक्ताचा ठिपका म्हणजे हृदय, आणि ते जिवंत असल्यासारखे उडते, हे त्याने लिहिले. एका मिशाळ माशाविषयी, आपल्याकडच्या शिंगाळ्यासारखी मिशी असणाऱ्या, त्याने लिहिले की मादी अंडी घालून निघून जाते आणि नर चाळीस-पन्नास दिवस त्यांच्यापाशी पहारा करतो. पुढच्या लोकांना ही थाप वाटली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लुई अगासीने तिथल्या मिशाळ माशांच्या नरांना असाच पहारा करताना पाहिले, ग्रीसच्या ॲकेलोअस नदीतले मासे मागवून घेतले, आणि त्या माशाला अरिस्टॉटलचेच नाव दिले. माशाच्या बापाकडे पन्नास दिवस पाहायचे तर गुडघाभर पाण्यात वाकलेला माणूस हवा. त्या बारीक पोटऱ्या भिजायला हव्यात. मी पाहिलेल्या कुठल्याही चित्रात तो वाकलेला नाही. तेराव्या शतकातल्या एका अरबी हस्तलिखितात, जे आता ब्रिटिश लायब्ररीत आहे, तो फेटा बांधून निदान प्राण्यांच्या पुस्तकात तरी बसला आहे. चेहरा अर्थात सर्वस्वी कल्पनेतला. पण जागा मला बरोबर वाटते.

आणि त्याचे स्वतःचे मत? त्याचे मृत्युपत्र डायोजनीसने दिले आहे, आणि मला वाटते, रूपाच्या वर्णनापेक्षा तेच जास्त बोलते. ग्रिलियन नावाच्या मूर्तिकाराकडे सांगितलेले पुतळे पुरे झाले की उभारावेत: ज्यांनी त्याला वाढवले त्या प्रोक्सेनसचा, त्याच्या मुलाचा निकेनॉरचा, निकेनॉरच्या आईचा. अरिमनेस्टसचा पुतळा उभा करावा, कारण त्याला मूलबाळ नव्हते आणि मागे काही खूण राहावी. आपल्या आईची मूर्ती नेमिया इथे डीमीटर देवीला अर्पण करावी. बायकोची, पिथियसची, हाडे आपल्याजवळ ठेवावीत. एवढ्या बारकाईने सगळ्यांचे पुतळे सांगितले, आणि स्वतःच्या पुतळ्याविषयी एक शब्द नाही.

सातवीतल्या त्या मुलीला हे सगळे मी अलीकडे सांगितले. ती म्हणाली, "मग बाई, खाडीतला आपणच काढू." काढला तिने. आपल्याकडे पाठ आहे, धोतर वर खोचले आहे. धोतर चूक आहे हे मी सांगितले नाही. तो कागद आता दोन तक्त्यांच्या मधे चिकटवला आहे.

ह्या दिवाळीच्या झाडलोटीत अण्णांचा फोटो मी खाली उतरवला. काच पुसता पुसता आईला विचारले, "अण्णांचे कान असेच होते का गं?" आई फराळाच्या चकल्या पाडत होती. वर न बघताच म्हणाली, "कान कुठे दिसायचा? डाव्या कानावर पेन्सिल असायची, आणि उजव्यावर खडूची धूळ."