नकाशावाचनातील ‘वर’, ‘उजवा’ आणि ‘मोठे’ : एक परिभाषाविचार

शालेय भूगोलाच्या मराठी परिभाषेवर जी टीका होते, तिचा रोख बहुधा संस्कृतोद्भव संज्ञांवर असतो. अक्षवृत्त, रेखावृत्त, समोच्च रेषा हे शब्द विद्यार्थ्यास जड जातात, अशी तक्रार ऐकू येते. तीत तथ्य नाही असे नाही. रेखावृत्त हे नावाने वृत्त असले, तरी ते ध्रुवापासून ध्रुवापर्यंतचे अर्धवर्तुळच होय. परंतु अशा संज्ञेची व्याख्या शिक्षक सांगतो, विद्यार्थी ती शिकतो आणि घोटाळा बहुधा तेथेच मिटतो. खरी अडचण उत्पन्न होते ती ज्यांची व्याख्या करण्याची गरजच कोणास वाटत नाही, अशा घरगुती शब्दांमुळे.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे शेजारचे तालुके घेतले, म्हणजे हे स्पष्ट होईल. दोहोंच्या दरम्यान भीमा वाहते. दौंड तालुक्याच्या उत्तरेस भीमेचे पात्र, तर यवतच्या दक्षिणेस भुलेश्वराचा डोंगर आहे. त्या डोंगराकडील ओढे उत्तरेकडे, नदीच्या दिशेने उतरतात. बोलीत ‘वर’ म्हणजे उंचावर, अथवा पाणी जिकडून येते तिकडे. अर्थात येथील मुलाचे ‘वर’ दक्षिणेस असते. वर्गात मात्र भिंतीवरील नकाशा दाखवून उत्तर ‘वर’ आहे असे त्यास सांगितले जाते. त्यामुळे नदी वर जाते, डोंगर खाली येतो आणि ओढा खालून वर वाहू लागतो! विद्यार्थी येथे अडखळला, तर तो दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. उंची, उगमाची बाजू आणि कागदाची कड या तीन भिन्न गोष्टी एकाच शब्दावर लादल्याचा तो परिणाम आहे. नकाशात उंची सांगतो तो समोच्च रेषेवरील आकडा. कागदावरील जागा नव्हे.

‘उजवा’ या शब्दाचीही तीच गत. शिरूर गाव घोड नदीच्या उजव्या तीरावर वसले आहे. परंतु नकाशात ते नदीच्या डाव्या अंगास दिसते. तीराचा उजवेपणा प्रवाहाच्या दिशेस तोंड करून ठरवितात, पाहणाऱ्याच्या हातावरून नव्हे, हा संकेत आधी सांगितला नाही तर पुस्तकातील विधान विद्यार्थ्यास उघड उघड खोटे वाटते.

‘मोठ्या प्रमाणाचा नकाशा’ ही संज्ञा तर याहून फसवी आहे. नित्याच्या मराठीत ‘मोठ्या प्रमाणावर’ म्हणजे पुष्कळ, विस्तृत. साहजिकच मोठ्या प्रमाणाचा नकाशा मोठा प्रदेश दाखवीत असेल, असा तर्क विद्यार्थी करतो. वस्तुस्थिती उलट आहे. शिरूर ते दौंड हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. १:५०,००० या प्रमाणावर ते ९० सेंटिमीटर भरते, तर १:१०,००,००० या प्रमाणावर अवघे साडेचार. पहिले प्रमाण मोठे आहे, कारण तो अपूर्णांक मोठा आहे. पण त्यात मावणारा प्रदेश लहान आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकमालेत ही दोन गावे ४७ जे/५ व ४७ जे/११ अशा निरनिराळ्या पत्रकांत पडतात, ती यामुळेच.

यावर नवीन शब्द घडविणे हा उपाय नव्हे. कागदाविषयी बोलताना ‘उत्तर कड’, भूमीविषयी ‘उंच’ आणि प्रवाहाविषयी ‘उगमाकडे’ असे म्हटल्यास ‘वर’चे ओझे उतरते. प्रमाणाबाबत ‘एका सेंटिमीटरास अर्धा किलोमीटर’ असे आधी सांगून संज्ञा मागाहून द्यावी. दौंडचा विद्यार्थी आपल्या ओढ्याची दिशा शाळेत येण्यापूर्वीच जाणतो. नकाशाने ते ज्ञान खोटे न पाडता त्याचेच कागदावर वाचन शिकवावे, एवढीच परिभाषेकडून अपेक्षा आहे.